कॅशियरची चढाई

कोल्हापूर जिल्ह्यात पोट सुटलेल्या माणसाला कुणी लठ्ठ म्हणत नाही. ‘पूर्वी तालमीत होता वाटतं,’ असं म्हणतात. पैलवानानं मेहनत सोडली आणि खुराक चालू ठेवला की अंग सुटतं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळं सुटलेलं अंग हा आळसाचा नव्हे, जुन्या मेहनतीचा पुरावा धरला जातो. या समजुतीच्या सावलीत मी बरीच वर्षं सुखानं काढली. लग्नकार्यात अनोळखी म्हातारे माझ्या दंडाला हात लावून “कुठल्या तालमीचं?” असं विचारायचे आणि मी नम्रपणे हसायचो. नुसतं हसण्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत.

आमचं कोडोली पन्हाळा तालुक्यातलं, वारणेच्या खोऱ्यातलं. शेजारीच वारणानगर. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभा केलेला साखर कारखाना, दूध संघ, बझार, सगळं हाकेच्या अंतरावर. म्हणजे साखर घरची, दूध घरचं आणि दोन्ही मिळून होणारं श्रीखंडही घरचंच. अशा ठिकाणी बारीक राहणं हा सहकाराचा अपमान आहे. त्यात माझी नोकरी पतसंस्थेत, कॅशियरची. जाळीमागं बसून दुसऱ्याचे पैसे मोजायचे. या धंद्यात हलतात ती फक्त दोन बोटं, आणि त्यातलंही एक अधूनमधून ओल्या स्पंजवर टेकून विसावा घेतं.

मग एकदा डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर चष्मा काढतात तेव्हा आपण काय ते समजावं. “रोज चालत जा,” ते म्हणाले.

कोडोलीत चालणं फार अवघड आहे. दोष रस्त्यांचा नाही, माणसांचा आहे. ती फार चांगली आहेत. पहाटे वारणानगरच्या रस्त्याला लागलो की शंभर पावलांत पहिली मोटारसायकल थांबते. “काय वो कॅशियर, गाडी बंद पडली काय? बसा, सोडतो.” व्यायामासाठी चालतोय म्हटलं तर समोरच्याचा चेहरा पडतो, आपल्या गाडीवर बसायला कमीपणा वाटतो की काय, असा संशय त्याच्या डोळ्यांत उमटतो. खातेदार तुटणं परवडत नाही, म्हणून मी बसायचो. तो मला कारखान्याच्या चौकात चहा पाजायचा. परत येताना दुसरा भेटायचा, त्याचाही चहा. दोन्ही चहा साखरेच्या गावचे, हे वेगळं सांगायला नको. चालण्यानं माझं वजन वाढलं.

तेव्हा एकट्यानं करायचा व्यायाम गावात जमत नाही, सांघिक खेळच हवा, हे ठरलं. जिल्हा कोल्हापूर म्हटल्यावर पहिलं नाव फुटबॉलचं. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढलेलं हे शहर. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर यांच्यातला सामना असला की पेठांमधली नातीगोती नव्वद मिनिटं स्थगित होतात. विश्वचषकाच्या दिवसांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे इथं अशा हक्कानं लागतात की दोन्ही देश करवीर तालुक्यातच असावेत. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण माझी सासुरवाडी एका पेठेतली आणि मेहुणीचं सासर दुसऱ्या. कुठल्याही रंगाचा टीशर्ट घातला तरी एक दिवाळी बुडणार. शिवाय माझ्या आकाराच्या माणसाला फुटबॉलमध्ये गोलकीपरच करतात. गोलची रुंदी ७.३२ मीटर असते. मी कितीही सुटलो तरी एवढं क्षेत्र लागवडीखाली आणणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

राहिली कबड्डी. आमच्याकडं हायस्कूलच्या मैदानावर संध्याकाळी, दूध डेअरीला घालून झालं की, चाळिशी ओलांडलेले काहीजण कबड्डी खेळतात. त्यांचे गुरू मेजर. ते हवालदार म्हणून निवृत्त झालेत. पण फौजेतनं परत आलेल्या माणसाला गाव मेजरच्या खालचा हुद्दा देत नाही. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एकच विचारलं, “पळता येतं?”

“नाही.”

“बरं झालं. इथं पळायला जागाच न्हाई.”

हे मात्र खरं. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मधोमध रेघ मारली की एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर येतात. आमच्या स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंतचं अंतर याहून जास्त भरेल आणि ते मी दिवसातनं अनेकदा, बहुतेक वेळा खाण्याच्या निमित्तानं, कापतो. बॅट नको, बॉल नको, जाळं नको. चुन्याची फक्की मारली की खेळ तयार. ‘बिनभांडवली’ हा शब्द पतसंस्थेच्या माणसाला लगेच पटतो.

भांडवल लागलं ते फक्त हाफ पँटचं. दुकानदारानं विचारलं, “पोराचं वय किती?” स्वतःसाठी हवी म्हटल्यावर त्यानं आतल्या बाजूला हाक मारली आणि बापाला बोलावलं. दोघांनी मिळून टेप धरला. घरी ती घालून आरशासमोर उभा राहिलो, तेव्हा सौभाग्यवतींनी देवघरातली समई शांत केली आणि पडदा ओढून घेतला.

मैदानावर गेल्यावर पहिला धक्का दमाचा. जगातले बाकीचे खेळ माणसाला श्वास घ्यायची मोकळीक देतात. धावा, उड्या मारा, धापा टाका, कुणाची हरकत नाही. कबड्डी हा एकच खेळ असा आहे की, ज्यात ऐन मोक्याच्या वेळी श्वास घ्यायला बंदी आहे. चढाईला गेलेल्यानं एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं आणि दम तुटायच्या आत आपल्या अंगणात परतायचं. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. पूर्वी घड्याळ नव्हतं, छाती हेच घड्याळ. माझ्यासारख्याला ही मर्यादा म्हणजे चैन वाटली. तीस सेकंद कुणाला लागतात? माझा दम मध्यरेषा ओलांडतानाच संपायचा. ‘कबड्डी’तला ‘क’ आमच्या अंगणात, ‘ब’ रेघेवर आणि ‘ड्डी’ म्हणायला कुणी शिल्लक नाही. मेजर शिट्टी वाजवून म्हणायचे, “दम गेला. बाद!”

एकदा मी तक्रार केली की, समोरच्यांनी मला हात लावायच्या आत मीच बाद होतोय, हे अन्यायाचं आहे. मेजर म्हणाले, “अन्याय कसला? तुमच्यामुळं त्यास्नी आराम पडतोय.”

चढाई म्हणजे नुसतं आत जाऊन येणंही नव्हे. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. कुणाला शिवला नाहीत तर ती तरी ओलांडून यावं लागतं, नाहीतर बाद. त्यापुढं एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असताना एक पाय तिच्यापलीकडं टाकला आणि त्या वेळी दुसरा हवेत असला तर फुकटचा गुण. बँकिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला बोनसचं आकर्षण असणारच. पण दोन्ही पाय जमिनीवर असतानाच माझा ताळेबंद जेमतेम जुळतो. एक हवेत उचलला की तूट दिसायला लागते.

आमचा सराव चालू असताना मैदानाच्या कडेनं भरतीची पोरं पळत असतात. पोलीस नाहीतर सैन्य, यातल्या एका भरतीची तयारी करत असलेला मुलगा आमच्याकडं घरटी एक आहे. आमची कवायत होऊन मैदानात कोण कुठं उभं राहायचं हे ठरेपर्यंत त्यांच्या चार-पाच फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला ती आमच्याकडं बघतात, आणि त्यांचा वेग वाढतो. आपण कशापासनं पळतोय, हे त्यांना समोर दिसत असावं.

दुसरा धक्का वजनाचा. कबड्डीत पुरुष गटाला ८५ किलोची मर्यादा असते. हे मेजरांनी सांगितलं तेव्हा खताच्या गोदामातल्या काट्यावर सगळ्यांची वजनं झाली. युरियाची गोणी उतरवून माणूस चढवायचा, असा कार्यक्रम. निकाल लागला तेव्हा आमच्या सातांपैकी चौघे नियमात बसत नव्हते. आमच्या भागात ५५ किलो, ६५ किलो अशा वजनी गटांच्या स्पर्धा गावोगाव होतात. शाहू सडोली, छावा शिरोली अशी गाजलेली संघांची नावं पोरांच्या तोंडी असतात. पण ‘९५ किलोच्या वर’ असा गट काढायचं धाडस अजून कुठल्या मंडळानं केलेलं नाही. मंडप, मैदान, बक्षिसं जमतील; जेवणाचा खर्च झेपणार नाही.

मेजरांना या खेळाचा इतिहास मुखोद्गत आहे, आणि तो ते आम्ही धापा टाकत असताना सांगतात, कारण तेव्हा कुणी मध्ये बोलू शकत नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डी खेळून दाखवली. बुवा साळव्यांनी या खेळासाठी आयुष्य वेचलं. १९९० साली बीजिंगला कबड्डी एशियाडमध्ये आली आणि तेव्हापासून सुवर्णपदक आपलंच, ते थेट २०१८ पर्यंत. त्या वर्षी जकार्तात इराणनं उपांत्य फेरीत आपल्याला हरवलं. पुढं हांगझौला आपण ते पदक परत आणलं, पण मेजर अजून जकार्तात आहेत. “का हरलो? इराणची पोरं एकमेकाचा हात सोडत न्हाईत!” असं म्हणून ते माझ्याकडं आणि आबांकडं बघतात.

इथं आबांची ओळख करून द्यायला हवी. आबांचं शेत आमच्या शेताला लागून. मधला बांध कुणी कुणाकडं सरकवला, यावर आम्हा दोघांची मतं वेगळी आहेत आणि दोन्ही मतं पन्हाळ्याला फायलीत सुरक्षित आहेत. आमचं बोलणं बंद होतं. निरोप जायचे ते वकिलामार्फत, फी भरून. तर मेजरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला उजव्या कोपऱ्यात शेजारी-शेजारी उभं केलं आणि म्हणाले, “साखळी धरा.”

पकडीचं मर्म साखळीत असतं. दोन गडी हात धरून, गुडघ्यात किंचित वाकून, अर्धगोलात सरकत राहतात. चढाई करणारा आत शिरला की दोघांनी मिळून त्याच्या परतीची वाट बंद करायची. यात हात सुटला की सगळं सुटलं. बोटात बोटं अडकवायची नाहीत, मनगट धरायचं. आबांचं मनगट बाभळीच्या खोडासारखं होतं. मी ते धरलं. त्यांनी समोर बघतच विचारलं, “वकील किती घेतोय तुमचा?” मी आकडा सांगितला. साखळी डावीकडं सरकली. थोड्या वेळानं ते म्हणाले, “माझा जास्त घेतोय.” त्या आवाजात दुःख होतं, आणि माझ्याविषयी थोडा आदरही.

समोरच्या सातांत सगळ्यात चपळ गडी होता तो आमच्या संस्थेचा थकबाकीदार. टेम्पोचं कर्ज. हा माणूस मला चुकवण्यात इतका तरबेज का, याचं मेजरांना फार कौतुक. पण त्यामागं कित्येक वर्षांचा सराव होता. मी बाजाराच्या ज्या गल्लीत शिरेन तिच्या दुसऱ्या तोंडानं तो बाहेर पडलेला असायचा. आता तो राजरोस माझ्यासमोर यायचा, कबड्डी कबड्डी म्हणत माझ्या पोटाला बोट लावायचा आणि परत जायचा. वसुलीची दिशाच उलटली होती. “कॅशियर, हप्ता नेला हं!” असं तो रेघेपलीकडनं ओरडायचा.

आणि मी बाहेर जाऊन बसायचो. या बाहेर बसण्याविषयी मला सविस्तर सांगायचं आहे, कारण या खेळाची खरी अक्कल तिथं आहे. पूर्वी कबड्डीचे तीन प्रकार खेळले जात. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राहायचा, समोरच्याला नुसता गुण मिळायचा. गामिनी प्रकारात बाद झाला तो गेला. अख्खा संघ बाद होईपर्यंत त्यानं कडेला माती उकरत बसायचं. तिसरा प्रकार संजीवनी. आपल्या संघानं समोरचा एक गडी बाद केला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन आत येतो. आजची कबड्डी याच प्रकारातनं घडली, आणि ज्यानं हे ठरवलं त्याला माणसाची ओळख होती. अमर प्रकारात माझ्यासारख्याला बसायला मिळालं नसतं. गामिनी प्रकारात उठायला मिळालं नसतं.

शिवाय नियम असा की, ज्या क्रमानं बाद झालात त्याच क्रमानं आत यायचं. वशिला नाही, ओळख नाही, मधे घुसणं नाही. सोसायटीच्या निवडणुकीत पडलेला माणूस पाच वर्षं बाहेर बसतो. क्रिकेटमध्ये आऊट झालेला पॅड सोडतो. इथं मात्र, आपण काहीही न करता, दुसऱ्या कुणीतरी चढाई मारली म्हणून आपल्याला हाक येते, “कॅशियर, चला आत!” उतारवयाकडं झुकलेल्या, साखर वाढलेल्या, गुडघा कुरकुरणाऱ्या माणसाला आयुष्यात अशी हाक दुसरीकडं कुठं येते? व्यायामशाळेत आपलं वजन आपणच उचलायचं असतं. चालायला गेलो तर आपलं अंतर आपणच कापायचं असतं. सातांच्या खेळात मात्र आपल्या वाट्याचं बरंचसं दुसरे उचलतात. त्या बदल्यात अट एकच, सातवा म्हणून हजर राहायचं. पोट असो, धाप असो. सहाच आले तर मेजर फक्की मारत नाहीत.

त्यामुळं माझ्या घरी लोक बोलवायला यायला लागले. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं मी चुकवलं तर कुणाला काही फरक पडत नव्हता. सराव चुकवला तर दाराशी चारजण उभे. बैठकीवर बसून चहा पिणार, मी पँट बदलेपर्यंत हलणार नाहीत. वसुलीचं हे तंत्र आमच्या संस्थेनं वापरलं असतं तर एनपीए औषधाला उरला नसता.

अंगाचं म्हणाल तर पहिले काही दिवस माझं अंग माझ्या ताब्यात नव्हतं. कबड्डी निम्म्या बैठकीत खेळतात, त्यामुळं मांड्या पेटतात. ठणका खेळलो त्या रात्री येत नाही. आपल्याला वाटतं, जमलं की! तो दुसऱ्या दिवशी, ऐन कामाच्या वेळी येतो. पाटावर जेवायला बसलो तो दोघांनी धरून उठवलं. काऊंटरवर एका आजींनी वरच्या कप्प्यातलं पासबुक मागितलं, तर मी त्यांनाच आत बोलावून काढून घ्यायला सांगितलं. सौभाग्यवतींनी तेल गरम करून दिलं आणि त्याबरोबर माहितीही दिली. आपल्याच जिल्ह्यातला, चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१९ साली प्रो कबड्डीच्या लिलावात १ कोटी ४५ लाखांना गेला होता. “तुमचं काय निघतंय बघा,” त्या म्हणाल्या, “नाहीतर येताना निदान अर्धा लिटर दूध तरी आणा.”

पण एका संध्याकाळी चमत्कार झाला. थकबाकीदार नेहमीसारखा आत आला, माझ्या पोटाला बोट लावलं आणि वळला. आबांनी खाली झेपावून त्याचा घोटा धरला. साखळी धरलेली असल्यामुळं आबा जिकडं गेले तिकडं मीही गेलो. याला मी पकड म्हणणार नाही, मी पडलो. मात्र पडलो तो योग्य माणसावर. त्यानं मध्यरेषेकडं हात लांबवला, बोटं रेघेपासनं वीतभर राहिली. पण वर आबा आणि मी, म्हणजे बांधाच्या दोन्ही बाजूंचं क्षेत्र एकत्र आलेलं. खालनं बारीक आवाजात ‘कबड्डी’ येत होतं, ते थांबलं. मग दुसरा शब्द आला, “भरतो! सोमवारी भरतो!”

मेजरांनी शिट्टी वाजवली. आमचा एक बाद गडी जिवंत झाला, आणि संस्थेचं एक खातंही.

सोमवारी त्यानं खरोखरच दोन हप्ते भरले. तेव्हापासून आमच्या व्यवस्थापकांना कबड्डीत रस निर्माण झाला आहे आणि संध्याकाळी मला अर्धा तास आधी सोडतात. वजनाचा काटा फार हलला नाही, पण दम वाढला. आता ‘कबड्डी’ हा शब्द मी निदान रेषेपर्यंत पुरवतो. डॉक्टरांनी नवा कागद वाचताना चष्मा नाकावरच ठेवला.

बांधाचा दावा चालूच आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे, तो असा सोडता येत नाही. परवा पन्हाळ्याला तारीख होती. एका गाडीवर गेलो, पेट्रोल निम्मं-निम्मं. दोन्ही वकील लांबनं बघत राहिले. आमचा पुकारा झाल्यावर साहेबांनी पुढची तारीख दुपारनंतरची देऊ केली, तेव्हा वादी आणि प्रतिवादी दोघांनीही एकाच वेळी हात वर केला. “साहेब, सकाळची द्या,” आबा म्हणाले. “संध्याकाळी आमची प्रॅक्टिस असती. आमी दोगं उजव्या कोपऱ्याला हाय.”